चित्राखालचा प्रश्न

मोठं बायबल उघडलं की घर पेंगायचं, म्हणून संध्याकाळची कौटुंबिक उपासना हल्ली शलोमीच्या चित्रांच्या बायबलमधून होते. गैरसोय एकच. प्रत्येक गोष्टीखाली प्रश्न असतो, आणि सगळ्यांची उत्तरं झाल्याशिवाय आमची ही सहा वर्षांची पाळकीणबाई ‘आमेन’ म्हणू देत नाही. जेवण आमेननंतर.

आज वादळात सापडलेल्या होडीचं चित्र होतं. प्रश्न : तुम्हाला कशाची भीती वाटते?

“पालीची,” शलोमी म्हणाली.

“मला कुणाच्या बापाची भीती नाही,” माझी आई म्हणाली. “आणि तू पाय हलवणं बंद कर. दुपारपासून बघतेय.”

“मलाही पालीचीच,” मी पाय आवरत म्हणालो.

“पप्पा, कॉपी करायची नाही!”

मग बायकोची पाळी आली. तिने चित्रातल्या होडीवर बोट ठेवलं. “उद्या माझ्या गाठीचा रिपोर्ट येणार आहे. त्याची.”

आईला कळू द्यायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. माझा पाय पुन्हा हलू लागला.

आईने या वेळी हटकलं नाही. तिने सुनेचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

“शलोमी,” ती म्हणाली, “माझं उत्तर बदल. मी तुझ्या मम्मीची कॉपी करते.”