बराकीतली निवडणूक

"ताई, निवडणुकीत पाच वेळा पडूनही पुन्हा उभं राहायला तुम्हाला लाज नाही वाटत?"

मैत्रिणींनी आवळ्यांची पैज लावली होती, म्हणून वृंदाने भर स्नेहसंमेलनात पाहुण्या अनसूयाताईंना विचारून टाकलं. वर्गाच्या बाईंनी डोळे वटारले. अनसूयाताई मात्र खदखदून हसल्या.

"पाच कुठलं गं, सहा! आणीबाणीत सरकारनं आम्हाला तुरुंगात टाकलं. बाहेर निवडणुका बंद, म्हणून आम्ही बायकांनी बराकीतच एक घेतली. स्वयंपाकाची प्रमुख निवडायची होती. मला मत म्हणजे तांब्यात तुरीचा दाणा, समोरच्या मालूताईंना हरभऱ्याचा. मी एका दाण्यानं पडले!"

"एकाच?"

"स्वतःला मत देणं बरं दिसेना, म्हणून मी हरभरा टाकला. मालूताईंनीही खुशाल हरभराच टाकला! पण त्या दिवशी आम्ही सगळ्या फुगड्या घालघालून दमलो बघ. मत द्यायला मिळालं होतं ना!"

सगळ्या हॉलबरोबर वृंदाही पोट धरधरून हसली. मग तिला दप्तरातला अर्ज आठवला. विद्यार्थी प्रतिनिधीच्या निवडणुकीचा तो अर्ज ती आठवडाभर घेऊन हिंडत होती. "पडलीस तर गावभर हसं होईल," असं बाबा म्हणाले होते, आणि तिलाही तीच धास्ती होती.

संध्याकाळी चपला अंगणातच भिरकावून ती घरात शिरली.

"आई, बाबा, मी अर्ज भरून आले! हसू दे गावाला हसायचं तर. आणि ऐकून ठेवा, माझं पहिलं मत मी मलाच देणार आहे!"