शेवटचा तुकडा

“उद्या फळा उलटलात की घरी यायचं आणि जे दिसलं ते खरं सांगायचं. माझा एक जरी तुकडा उलटा निघाला, तर माझी हातोडी तुझी, मेहरी. मी पुन्हा कामाला बसणार नाही.”

उस्ताद यदुल्लांनी काल लेकीकडून वचनच घेतलं होतं.

इस्फहानच्या थोरल्या मशिदीच्या घुमटाखालची एक पट्टी निखळून पडली होती. ती नव्याने जुळवायला बापलेकीला सात महिने लागले. चारशे वर्षांपूर्वीचे कारागीर जुळवत तशीच: फरशीच्या तुकड्यांचं निळं, चकाकतं तोंड जमिनीकडे, मातकट पाठ वर, आणि त्या पाठीवर प्लास्टरचा लेप; तो वाळला की सगळ्याचा मिळून एक फळा. उलटून उभं करेपर्यंत कसं झालंय ते एका अल्लालाच ठाऊक. शेवटचा तुकडा, मधल्या फुलाच्या पोटातला, उस्तादांनी स्वतः बसवला. वयाने हात थरथरत होता, तरी भिडेने कुणी तपासायला जवळ गेलं नाही. लगेच लेप ओतला.

“या अली!” आठ जणांनी एकदम जोर लावला. फळा उभा राहिला. उस्तादांचे जुने जोडीदार सफदरकाका, त्यांनी बादलीभर पाणी फेकलं, धूळ ओघळली, आणि कारखान्यात आभाळच उतरलं!

वेली, कळ्या, पांढऱ्या अक्षरांची ओळ, सगळं जागच्या जागी. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी मेहरीच्या तोंडात खडीसाखर कोंबली.

“अगं, बघतेस काय नुसती? ओरड की!” काका म्हणाले. “ते जुने कारागीर कबरीत उठून बसले असतील आज!”

मेहरी हसत होती, रडत होती. मग तिला ते दिसलं. मधल्या फुलाच्या पोटात बदामाएवढा मातकट ठिपका.

काकांनाही दिसला. त्यांनी पटकन तो तुकडा उकरून काढला, तिथे निळा बसवला, बोटाने कडा पुसल्या. “झालं! आता कुणाच्या बापाला कळायचं नाही.”

“माझ्याच बापाला सांगायचंय, काका.”

“खुळी का काय तू? बाकीचे नऊ हजार सुलटे निघाले, ते बसवायला कुणी शिकवलं?”

“तेही सांगेन.”

तिने मातकट तुकडा अंगावरच्या चादरीच्या टोकाला बांधला. उस्तादांच्या बैठकीशी हातोडी पडली होती. ती तिने पुसली, त्यांच्या उजव्या हाताला सहज सापडेल अशी परत तिथेच ठेवली, आणि बिस्मिल्ला म्हणून घराच्या वाटेला लागली.