निरोगी माणसाचं रक्त

सुनेनं दंडाला पट्टा आवळून सुई टोचली, तरी सासूबाईंनी हूं की चूं केलं नाही.

"तुझ्या कामाला माझं रक्त चालेल ना गं?" एवढंच विचारलं.

"चालेल की. आम्हाला धडधाकट माणसांचंच हवंय."

सून प्रयोगशाळेत कामाला होती. तापानंतर ओठांवर फोड आणणारा विषाणू चांगल्या, निरोगी माणसांच्या रक्तात सापडतो का, हे तिथे शोधायचं होतं. रक्त द्यायला कुणी फिरकेना, म्हणून प्रत्येकानं आपापल्या घरच्यांचं आणायचं ठरलं. नळ्या फ्रीजरमध्ये साठवायच्या आणि पूर्ण ट्रे भरला की एकदमच मशीनला लावायच्या. एकेका नळीसाठी मशीन कोण चालवत बसणार?

घरात बाळ पाच महिन्यांचं होतं. दिवसभर आजीकडे असायचं. संध्याकाळी सून दमूनभागून आली, हात पुढे केले, की ते भोकाड पसरायचं. आजीच्या खांद्यावर गेलं की गप्प.

"अगं, होईल सवय तुझी," सासूबाई हसून म्हणायच्या. सूनही हसायची.

आठवड्याभरानं सून घरी आली ती रडून लाल झालेल्या डोळ्यांनीच.

"आई, कसं सांगू? तुमच्या रक्तात सापडलाय तो."

"मला तर कधी काही झालं नाही."

"तुम्हाला नाहीच होणार. पण पापा घेताना एवढ्याशा जिवाला लागला, तर थेट मेंदूत जातो."

सासूबाईंनी बाळाला अलगद खाली ठेवलं आणि चार पावलं मागे सरकल्या.

"मास्क लावून राहील की आई," सासूबाईंचा मुलगा म्हणाला.

"हो आई, राहा तुम्ही," सूनही म्हणाली. "मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवीन. कुठे जाऊ नका."

पण सासूबाईंनी ऐकलं नाही. "मला माझा भरवसा नाही गं. उचललं की पापा घेतल्याशिवाय राहवत नाही मला. उद्या काही झालं तर कुठल्या तोंडानं जगू?"

त्या दूरच्या गावी लेकीकडे राहायला गेल्या. निघताना बाळाला दारातूनच पाहिलं. त्यानं हात पुढे केले, तेव्हा त्यांनी आपले हात पाठीमागे घट्ट धरले. बघवत नव्हतं ते. मुलगा बॅग घेऊन आधीच खाली उतरला होता.

बाळ पाळणाघरात जाऊ लागलं. आता ते संध्याकाळी आईलाच बिलगायचं.

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीनं फ्रीजर उघडला.

"भरला बाई एकदाचा ट्रे. आज पहिल्यांदा मशीन लावायचं. ही तुझ्या सासूबाईंची नळी ना? हिच्यापासूनच सुरुवात करू?"

सून हातमोजे चढवत होती.

"टाकून दे ती," ती म्हणाली. "त्या आता आमच्याकडे राहत नाहीत."