सातवी पोफळ

केल्विनने मोबाइल गेमसाठी जंगल रचलं, ते वटारच्या आपल्या वाडीचे जुने फोटो समोर ठेवून. त्यात झाडाएवढा एक राक्षसी किडा लपवला. विहिरीकाठच्या सहा पोफळींशेजारी तो सातवी पोफळ होऊन उभा राहायचा आणि जवळ येईल त्याला गिळायचा. ऑफिसात आठवडाभर एकालाही तो ओळखता आला नाही.

रविवारी चर्चमधून आल्यावर त्याने फोन पप्पांच्या हातात दिला. वाडी मोकळी करून बिल्डरला दिल्यापासून त्याचे पप्पा पास्कल विरारच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून असायचे, विचारलं तरच बोलायचे. त्यांनी पडद्यावरून एकदा नजर फिरवली आणि बोट ठेवलं.

"ही आपली नाही. विहिरीपाशी सहाच होत्या."

केल्विन उडालाच. "बरोबर, पप्पा! आता कुऱ्हाड मारा, पटकन! नाहीतर तो तुम्हाला खाईल."

पास्कल फोन धरून नुसते बघत राहिले. किड्याने गिळलं, पडदा काळा झाला.



"सहाच्या सहा ह्याच हातांनी तोडल्या रे. सातवी नाही तोडवत मला."