साफ चूक

जॉबरने टोपी कानांवर ओढली आणि मास्तरच्या दुकानाची पायरी चढला. टोपीखाली, उजव्या कानामागे, ऐकू येण्याचं यंत्र होतं. मुलीने सकाळीच त्याला ओढत नेऊन ते बसवून आणलं होतं. मास्तरला ते दिसलं असतं, तर त्या दोघांच्या वादाचा निकालच लागला असता.

वाद यंत्रांचा होता. जॉबर मागाच्या कारखान्यात बिघडलेले माग दुरुस्त करायचा. मागांच्या खडखडाटाने आधी त्याचे कान गेले. मग आपोआप चालणारे नवे माग आले आणि नोकरी गेली. यंत्रं माणसाला खातात, हे त्याचं मत होतं, आणि ते त्याने स्वतःच्या अंगावर पडताळून पाहिलेलं होतं. मास्तर शिंपी. पायाने चालवायचं मशीन जाऊन विजेचं आलं, तेव्हा त्याचे गुडघे वाचले. त्यामुळे तो यंत्रांच्या बाजूचा. रोज संध्याकाळी इस्त्रीच्या टेबलाशी दोघांची जुंपायची. यंत्रांवरून गाडी करांवर जायची, करांवरून निवडणुकीवर, आणि शेवटी चंद्रावर यान पाठवावं की आधी गल्लीतलं गटार बांधावं, इथवर पोचायची. कपडे न्यायला आलेली गिऱ्हाइकं मजा बघत रेंगाळायची.

आपल्याला काही ऐकू येत नाही, हे जॉबरने कुणाला कळू दिलं नव्हतं. निदान त्याची तशी समजूत होती. युक्ती सोपी होती. मास्तरचा हात खाली येईपर्यंत थांबायचं, मग "साफ चूक!" म्हणायचं आणि आपलं म्हणणं मांडायचं. वादाला एवढं पुरतं.

आज त्याला कात्री ऐकू आली. कापडातून जाताना ती इतकी बोलते, हे तो विसरूनच गेला होता. तो खुशीत स्टुलावर बसला. आज मास्तरचा एकेक मुद्दा ऐकून खोडायचा होता. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"वाचलंस का मास्तर? बँकेतली माणसं कमी करणार आहेत. सगळं मशीन करणार म्हणे. आता बोल!"

मास्तरने कात्री ठेवली. नेहमीसारखे डोळे वटारले, मूठ उगारली, तोंड भलंमोठं उघडलं. आवाज मात्र आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं, इतका हळू आला.

"आज सकाळी बायको झोपेत हसली," तो मूठ नाचवत म्हणाला. "गालाला खळी पडली रे. चहा निवेपर्यंत मी बघत बसलो. लग्न झाल्यापासून तिला एकदाही म्हणालो नाही, की तू छान दिसतेस. जीभच रेटत नाही."

त्याने हात खाली आणला आणि तो वाट बघू लागला.

"साफ चूक," जॉबर कसाबसा म्हणाला. "मशीनवर... मशीनवर कर लावला पाहिजे."

मास्तरने मान हलवली आणि पुन्हा बोट रोखलं. म्हणजे आपल्याला ऐकू येत नाही, हे मास्तरला कधीचंच ठाऊक होतं. जॉबर मनातल्या मनात जुन्या वादांतून मागे मागे जात होता. कितीदा मास्तरने असं काही सांगितलं असेल, आणि आपण साफ चूक म्हणून मोकळे झालो असू.

"मला दिसत नाही जॉबर," मास्तर त्याच्यावर बोट रोखून पुटपुटला. "मोतीबिंदू पिकलाय. सुईत दोरा ओवायला शेजारच्या बाईंना हाक मारतो आणि सांगतो, चष्मा घरी राहिला. परवा ऑपरेशन आहे. तेही मशीनने. मशीनची बाजू घेऊन घसा बसला माझा, आणि आता त्या मशीनखाली डोळा द्यायचा म्हटलं की धीर होत नाही. मी जाणार नाही. घरी सांगेन, डॉक्टरच नव्हते."

टेबलावर मूठ आपटून त्याने आपलं म्हणणं संपवलं.

यंत्रांचा वकीलच यंत्राला भीत होता. वाद जिंकायला आता फक्त टोपी तशीच ठेवून गप्प बसायचं होतं.

त्याने टोपी काढली. मान वळवून कान पुढे केला.

"हे बघ."

मास्तरने डोळे बारीक केले. वाकला. आणखी वाकला.

"कान आहे," तो म्हणाला.

जॉबरला हसूच फुटलं. ज्याच्यापासून लपवायचं, त्याला टोपी काढूनही दिसत नव्हतं. त्याने मास्तरचं बोट धरलं आणि कानामागे टेकवलं. कापडाची जात बघावी तसं ते बोट यंत्रावरून फिरलं आणि थांबलं.

"मशीन?"

"मशीन. मीही नको नकोच म्हणत होतो. पण बसवलं, आणि ऐकू आलं. तू जिंकलास मास्तर. नोकऱ्यांचं सोड, ते मी मरेपर्यंत मानणार नाही. बाकी हरलो. परवा येतो मी तुझ्याबरोबर. डोळा न देता पळालास, तर धरून आणीन."

इतक्या वर्षांनी वाद जिंकलेला मास्तर जरासुद्धा फुगला नाही. त्याचं बोट अजून जॉबरच्या कानामागेच होतं. स्वतःची कानशिलं शरमेने तापून लाल झाली होती.

"येशील?"

"येतो म्हटलं ना."

मास्तरने मोठा श्वास सोडला. मग एकदम काहीतरी हरवल्यासारखा तो मशीनपुढच्या खुर्चीत बसला.

"म्हणजे तुला सगळं ऐकू येतंय."

"सगळं."

"मग आता मी बोलू कुणाजवळ?"

बाहेर पायरीवर कुणाची तरी चप्पल वाजली. जॉबरने ती ऐकली आणि स्टूल टेबलाजवळ ओढलं.

"माझ्याजवळच बोल," तो म्हणाला. "फक्त अधूनमधून ओरडत जा. नाहीतर लोकांना वाटायचं, आपलं पटलं."