खोक्यावरची शाल

"एक्क्याण्णव!" रश्मी जवळजवळ ओरडलीच. "आई, हे असंच तापत राहिलं तर आज ना उद्या कार्ड जळणार."

प्रतिमाबाई दारातच थबकल्या. कपातला चहा बशीत सांडला.

"काही कर, पण वाचव गं बाई," त्या म्हणाल्या. "हे गेलं तर मी कोणाच्या तोंडाकडे पाहू?"

चंद्रशेखररावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कोणाच्या तोंडाकडे म्हणजे? नवरा ढळढळीत समोर आहे आणि हिचा जीव अडकलाय कुठे, तर पोराच्या खेळायच्या डब्यात!

डबा मुलाचा, सुमेधचा. चपलांच्या खोक्याहून जरासा मोठा, एका बाजूला काच, आत गेमसाठी हौसेनं घेतलेलं भलंमोठं ग्राफिक्स कार्ड. सुमेध नोकरीवर हैदराबादला परतला, तेव्हा त्यात बरंच काही भरून तो आईच्या हवाली करून गेला. तेव्हापासून अधारतालच्या या घरात डबा दिवसभर चालू असे आणि प्रतिमाबाई त्याच्यासमोर बसून असत. चार दिवसांपूर्वी त्याचे पंखे किंचाळायला लागले, तशी त्यांनी नागपूरहून लेकीला बोलावून घेतलं.

लेक आली ती थेट यंत्रापाशी. बापाला वाकून नमस्कार नाही की काही नाही. "कसे आहात, बाबा?" एवढं विचारलं, तेही भलतीकडे बघत. चंद्रशेखररावांना ते फार लागलं होतं.

प्रतिमाबाईंनी चहा त्यांच्यासमोर ठेवला.

"आलं घातलंय हो," त्या म्हणाल्या.

वास काही आला नाही. सर्दीच असणार. एरवी डिसेंबर लागला की त्यांचे हातपाय गारठायचे, यंदा मात्र थंडी कशी ती जाणवली नव्हती. कपाला हात लावायचीही इच्छा होईना. थंड झाला की प्रतिमाबाई तो उचलून नेत, रोजच्यासारखा.

"हवा आत कुठून शिरते आणि बाहेर कुठून जाते, ते बघ आधी," त्यांनी रश्मीला सांगितलं. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर काढलेला माणूस. तापलेलं लोखंड त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

"तेच बघते, बाबा."

रश्मीनं काच काढली आणि जाळीत चिमटा घातला. झेंडूची सुकलेली पाकळी निघाली. मग दुसरी. मग चांगल्या मूठभर.

"आई, ही फुलं आत कशी?"

प्रतिमाबाईंनी टेबलाच्या वरच्या भिंतीकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. चंद्रशेखररावांना आपल्या जागेवरून ती भिंत दिसत नव्हती. खंडेनवमीला हिनं यंत्राचीही पूजा केलेली दिसते, असं त्यांच्या मनात आलं. कारखान्याच्या लोकांची घरं ती, तिथे पान्यालासुद्धा हार पडतो.

"बाबा, काहीतरी बोला ना," रश्मी म्हणाली. नजर पडद्यावरच्या आकड्यावर. "कारखान्यातलं सांगा."

आली म्हणायची पोरीला बापाची आठवण! चंद्रशेखरराव खुलले. नोकरीचा पहिला दिवस, फोरमन भय्यासाहेब, आणि लेथवरच्या तापलेल्या तुकड्यावर आपण बावळटासारखं ओलं फडकं टाकलं ते.

"एकसष्ट," रश्मी पुटपुटत होती. "चौऱ्याहत्तर... अठ्ठ्याऐंशी..."

"तेव्हा भय्यासाहेब म्हणाले, म्हणाले... म्हणाले..."

पुढचं आठवेना. डोकं तापलं, शब्द अडकून बसला. हल्ली असंच व्हायचं, पंखे किंचाळले की नेमकं. त्या आवाजानं कोणाचंही डोकं उठेल म्हणा.

"राहू द्या, बाबा, राहू द्या," रश्मी घाईनं म्हणाली आणि आईकडे वळली. "कार्डावरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून गेली आहे. सगळं बंद करून, उघडून नवी लावावी लागेल."

"बंद नको करू!" प्रतिमाबाईंनी तिचा हात धरला. "परत सुरूच नाही झालं तर?"

"सुमेधनं दुसरी प्रत ठेवली नाही, माहीत आहे मला. म्हणून तर जळायच्या आत करायला हवं. पण चार दिवसांत एवढं का बिघडलं? खरं सांग, याच्यावर काही ठेवून राहिली का तू?"

प्रतिमाबाईंनी पलंगावरची करडी शाल उचलून छातीशी धरली. चंद्रशेखररावांनी ती लगेच ओळखली. त्यांचीच होती.

"दिवेलागणीला घालते," त्या हळूच म्हणाल्या. "उजाडलं की काढते. चार दिवसांपासून कडाक्याची थंडी पडून राहिली नं."

"अगं आई, पण काहून?"

तेच तर! चंद्रशेखररावांच्या रागाचा पारा चढला. थंडी माणसाला वाजते की मशीनला? नवऱ्याची शाल, आणि पांघरायची कोणाला, तर खोक्याला!

"प्रतिमा, वेड लागलं का तुला?" ते कडाडले.

प्रतिमाबाईंनी डोळे पुसले. वाकून त्यांनी शालीचं टोक खोक्यावरून हळुवार फिरवलं.

"दवाखान्यात शेवटच्या दिवशी थंडी वाजून राहिली म्हणत होते नं तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी काचेपलीकडे उभी. आत येऊन पांघरूण नाही घालता आलं हो मला."

चंद्रशेखररावांना काहीच कळेना. कोणता दवाखाना? त्यांनी मागची भिंत बघायचा प्रयत्न केला. मान वळेना.

रश्मीनं आईला हलकेच बाजूला केलं, खोक्यावर तळहात टेकवला आणि दुसऱ्या हातानं बटण चाचपलं.

"घाबरू नका, बाबा," ती म्हणाली. "दहाच मिनिटं बंद करते हं तुम्हाला."