नाव घे

राळेगावच्या स्टँडवर यवतमाळची गाडी लागली होती. शकूबाईची लोखंडी पेटी टपावर चढलीही होती. तानाबाई मात्र अजून तिच्या पदराला चिकटलेला कापूस वेचत उभी होती. कापूस केव्हाच संपला होता.

शकूचा भाऊ मारोती तिला कायमची न्यायला आला होता. उमरखेडला त्याची बायको वारली, मागं चार कच्चीबच्ची. विधवा, मूलबाळ नसलेली बहीण अशा वेळी कामी आली नाही तर कधी येणार? वस्तीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. शकूला विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि तानाबाईला विचारायचा तर प्रश्नच नव्हता. ती कोण? शेजारीण. फार तर कापूस वेचताना शेजारची ओळ धरणारी बाई.

तानाबाईचा नवरा उकंडा मोठ्या हौसेनं निरोपाला आला होता. "शकूबाई, पोळ्याले येजा बरं!" तो म्हणाला. "तुमच्याबिगर आमची बुढी कोनासंग भांडते?"

"भांडाले तू हायेस ना, उकंड्या!" तानाबाई फटकन बोलली.

निरोपाला आलेल्या बायका हसल्या. नवऱ्याला नावानं, तेही असं तोडून बोलणारी अख्ख्या वस्तीत ती एकटीच. उकंडाही हसला. गरीब माणूस. मारोतीला घेऊन तो पानठेल्याकडे विडी ओढायला गेला.

शकूनं मग तिचा हात धरला.

"ताने, तू मले नावानं काहून हाक मारत नाहीस वो?"

"मारते ना."

"कवा? वावरात टाळी वाजवते, नाहीतर ढेकूळ फेकते. दुसऱ्याजवळ 'तिले सांगा' म्हनते. नागपूरले दीक्षेच्या गर्दीत मी हरवलती, तवा 'शके, शके' करून गळा फोडला होता तू. त्याच्यानंतर एक डाव नाही."

तानाबाई उत्तर द्यायला गेली आणि थांबली. खरंच की. बाई जन्मात एकाच माणसाचं नाव तोंडावर आणत नाही. ते तिला कुणी शिकवावं लागत नाही, म्हणतात. नाव जिभेवर आलं की कान तापतात, बस्स. तानाबाईनं हे नुसतं ऐकलं होतं. तिचे कान कधी तापलेच नव्हते. इतक्या वर्षांच्या संसारात 'उकंडा' हे नाव तिनं विळा म्हणावं, कुदळ म्हणावं तसं म्हटलं होतं. आता तिनं मनातल्या मनात 'शकू' म्हणून पाहिलं आणि दोन्ही कान रसरसून तापले.

नागपूरच्या त्या गर्दीत शकू सापडली, तेव्हा तानाबाईनं तिला छातीशी घट्ट धरलं होतं. त्या वेळी अंगभर जे उठलं, ते नवऱ्याच्या अंथरुणात कधी उठलं नव्हतं. भरल्या दुपारी बाभळीखाली शकू तिच्या हातावर डोकं ठेवून झोपायची. हाताला मुंग्या यायच्या, पण तानाबाई हात काढून घ्यायची नाही. इतके दिवस ती याला जीव लागणं म्हणत होती. हे ते नव्हतं. शकूच तिचा माणूस होती. तिला आनंद झाला, अगदी खरा आनंद झाला, आणि त्याच दमात रडू फुटलं. चाळिशी उलटल्यावर, एस.टी.च्या धुरात उभं राहून कळलं तरी त्याचं करायचं काय? असल्या गोष्टीला काही शब्द असेल, तर तो तिला कुणी सांगितला नव्हता.

शकूला बहुधा कधीचंच कळलं होतं. ती अगदी जवळ आली.

"एक डाव नाव घे माह्यं," ती म्हणाली. "चारचौघात घे. मंग मी जात नाही. भावाले काय सांगाचं ते मी सांगीन."

तानाबाईनं तोंड उघडलं. चेहरा कानापर्यंत लाल झाला आणि नको त्या वेळी पदर आपोआप तोंडाशी गेला.

"अवो माय, पाहा तं!" मागून रुखमाबाई ओरडली. "तानी कशी नव्या नवरीवानी लाजून राह्यली!"

सगळ्या बायका खदखदून हसल्या. तानाबाईचं तोंड मिटलं ते मिटलंच.

"चाल वो बाई, गाडी सुटते," मारोती धावत येऊन म्हणाला. शकू तरीही क्षणभर थांबली. मग तिनं हात सोडला आणि गाडीत चढली. जागा मिळाली ती पलीकडच्या खिडकीपाशी. तिथून स्टँडची ही बाजू दिसत नव्हती.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तशी तानाबाई भानावर आली आणि अनवाणी धावत सुटली. दोन अक्षरांचं तर नाव. गाडी थांबवायला तेवढं पुरे होतं. तिनं सगळा जीव गळ्यात आणला.

"अजी!" ती ओरडली. "अजी, आयकलं काय!"

गाडीतल्या एकाही बाईनं मान वळवली नाही. बाईला अशी हाक कुणी मारत नाही. स्टँडवरचे बाप्ये मात्र वळून पाहू लागले, प्रत्येकाला वाटलं आपलीच बायको. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

उकंडा पानठेल्यावरून विडी टाकून लगबगीनं निघाला होता. "आलो, आलो," म्हणत तो तिच्याजवळ पोचला. त्याच्या रापलेल्या तोंडावर हसू मावत नव्हतं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि लाजत, हलक्या आवाजात म्हणाला,

"पुन्हा एक डाव म्हन ना वो."